बॉस्टनची जुनी चर्चेस: तिकीट कुठे काढावं आणि बाकावर कुठे बसावं

रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या ख्रिस्ती मंडळीत हल्ली निम्म्या गप्पा व्हिसाच्या असतात. नाशिक रोडची पोरं जगभर पसरली, आणि आईबाप सहा-सहा महिने तिकडे राहून येतात. आमचा मुलगा बॉस्टनजवळ क्विन्सीला असतो. परत आल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातो, "बाई, तिथली जुनी चर्चेस पैसे भरून बघण्यासारखी आहेत का?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी माझ्याविषयी थोडं, म्हणजे कोणत्या चष्म्यातून बघितलंय ते कळेल. मी नोकरी केली प्रेसमध्ये, तपासणीला. निवृत्तीनंतर मंडळीच्या पास्टरेट कमिटीने खजिनदारकी गळ्यात घातली. त्यामुळे छापलेल्यात काय राहून गेलंय ते मला आधी दिसतं, आणि कुठल्याही चर्चमध्ये पाय ठेवला की छताकडे बघून पहिला विचार येतो, ह्याचा खर्च कोण करतं? काचेची चित्रं आणि ऑर्गनचा आवाज ह्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी हिशेब बघितला.

बॉस्टनमध्ये रस्त्यावर विटांची किंवा रंगाची एक लाल रेघ आखलेली आहे, फ्रीडम ट्रेल म्हणतात. अडीच मैल. रेघ धरून चाललं की जुनी चर्चेस आपोआप लागतात. क्विन्सीहून मेट्रोची रेड लाइन पकडायची, 2.40 डॉलर, पार्क स्ट्रीटला उतरायचं. वर आलं की समोर पार्क स्ट्रीट चर्चचा पांढरा मनोरा. मुलाने हौसेने एक खाजगी वॉकिंग टूर बुक करून दिली होती. गाईड तीन कोनांची टोपी, पायमोजे वगैरे घालून आला, विनोद छान केले, आणि एकही चर्च आतून दाखवलं नाही. सगळं फुटपाथवरून. आमच्या ह्यांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा कुठे टूर संपली. तर पहिला सल्ला हाच. असली टूर घेऊ नका, तेवढ्या पैशांत चर्चचीच तिकिटं काढा.

किंग्ज चॅपेलपासून सुरू करते, कारण ते मला सगळ्यांत आवडलं. बाहेरून दिसायला बुटकं, करडं, मनोरा नसलेलं. मंडळी 1686 ची, बॉस्टनमधली पहिली अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची. आता बॉस्टन वसवणारे प्युरिटन लोक इंग्लंडच्या चर्चलाच कंटाळून तिकडे गेलेले; ते ह्यांना जागा कशाला विकतील? शेवटी गव्हर्नर अँड्रॉसने गावच्या कबरस्तानाचा एक कोपरा घेतला आणि तिथे लाकडी चर्च उभं केलं. पुढे दगडी बांधायचं ठरलं, तर उपासना बंद पडू नये म्हणून जुन्या लाकडी चर्चच्या भोवतीच नव्या भिंती चढवल्या. 1754 मध्ये दगडी काम पुरं झालं, मग आतलं लाकडी चर्च मोडून त्याचं लाकूड नव्या खिडक्यांमधून बाहेर काढलं. आमच्या हॉलची दुरुस्ती निघाली तेव्हा अख्खा पावसाळा आम्ही गळक्या मांडवात बसून काढला होता, म्हणून ह्या युक्तीचं मला भलतंच कौतुक वाटलं.

मनोरा मात्र राहिला तो राहिलाच. पैसे संपले. दर्शनी भागाचे भारदस्त खांबही नंतर, 1780 च्या दशकात आले, आणि ते दगडाचे नाहीतच. लाकूड आहे, दगडासारखं रंगवलेलं. जवळ जाऊन बोटाने टकटक केलं तर आवाजावरून कळतं. मी केलं. गाईड मुलगी हसली, म्हणाली, सगळे करतात.

आत बाक नाहीत, खोल्या आहेत. म्हणजे कमरेच्या वर येणाऱ्या लाकडी भिंती, त्याला छोटं दार, दारावर नंबर, आत तीन बाजूंनी बैठक. बॉक्स प्यू म्हणतात. कुटुंबाने आत शिरायचं, दार लावून घ्यायचं. थंडीत पायाशी निखाऱ्यांची पेटी ठेवायचे, वारा आत येऊ नये म्हणून ही दारं. पण खरी गोष्ट पैशाची. हे बॉक्स विकत घ्यायला लागायचे. ती मालमत्ता होती, वारसाहक्काने जायची, आणि वर चर्चच्या खर्चासाठी त्यावर नेमाने आकार भरायचा. पुढचा बॉक्स महाग, खांबामागचा स्वस्त. आमच्याकडे मासिक वर्गणी मागायला गेलं की लोक "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात, तेव्हा क्षणभर वाटलं, बाकांना नंबर घालावेत काय! पण ज्याच्याकडे पैसा नव्हता तो कुठे बसायचा, हा प्रश्न लगेच येतो. उत्तर वर असतं, गॅलरीत. त्याविषयी पुढे.

तिकीट काढून बघितलं ते एवढं. गाईडबरोबर वर घंटेपर्यंत चढता येतं (पॉल रिव्हियरच्या कारखान्यात 1816 मध्ये ओतलेली घंटा) आणि खाली तळघरात उतरता येतं. जिने अरुंद आहेत. साठीच्या पुढच्यांनी विचार करावा. पण किंग्ज चॅपेल खरं कळलं ते रविवारी, फुकट. उपासनेचं पुस्तक हातात दिलं, आणि मला घरी आल्यासारखंच वाटलं, कारण क्रम तोच. पापांगीकार, स्तोत्र, वाचन, सगळं अँग्लिकन वळणाचं. अर्ध्या वाटेत तपासणीवालीचे कान उभे राहिले. काहीतरी गाळलंय! स्तोत्र संपलं की आपण "पिता, पुत्र व पवित्र आत्मा" म्हणतो, ते नाहीच. झालं असं की अमेरिकन क्रांतीनंतर इंग्रज राजाशी एकनिष्ठ लोक निघून गेले, आणि 1785 मध्ये जेम्स फ्रीमन नावाच्या तरुण उपदेशकाने त्रैक्याचे उल्लेख काढून प्रार्थनेचं पुस्तक दुरुस्त केलं. तेव्हापासून मत युनिटेरियन (देव एकच, त्रैक्य नाही असं मानणारं), पद्धत अँग्लिकन, कारभार मंडळीचा. आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर तीन कोर्टकज्जे आणि दोन वेगळी चर्चेस झाली असती. इथे अजून त्याच इमारतीत, 1717 च्या त्याच व्यासपीठावरून उपदेश चालतो. पटलं नाही तरी प्रार्थना करून आले. उपासनेनंतर कॉफी आणि केक. एका आजीबाईंनी माझ्या साडीचा काठ हातात धरून बघितला आणि येवल्याची आहे म्हटल्यावर येवला कुठे आहे ते लिहून घेतलं.

आता ओल्ड नॉर्थ. हे सगळ्यांत प्रसिद्ध, गर्दीही इथेच. 1723 चं, शहरातलं आजही उभं असलेलं सगळ्यांत जुनं चर्च. 18 एप्रिल 1775 च्या रात्री मनोऱ्यात दोन कंदील लावून इंग्रज फौज पाण्याच्या वाटेने येतेय अशी खूण केली, ती गोष्ट इथली. अमेरिकन लोक इथे आपण काळारामाला येतो तसे येतात. फरक एवढाच की आज दिसणारा मनोरा तो नव्हे. मूळचा 1804 च्या वादळात पडला, दुसरा 1954 च्या चक्रीवादळात. हे त्यांनी न विचारता सांगितलं, म्हणून मी एक गुण जास्त दिला.

इमारतीचं पर्यटन बघणारी संस्था वेगळी आणि एपिस्कोपल (अमेरिकेतली अँग्लिकन) मंडळी वेगळी, अशी व्यवस्था आहे. पर्यटकांचा पैसा इमारतीला लागतो. अशी काही सोय आपल्याकडच्या जुन्या चर्चना करता आली तर बरं होईल, पण ते जाऊ दे.

आत ऑर्गनच्या जवळ, गॅलरीच्या कठड्यावर चार लाकडी देवदूत उभे आहेत, तुतारी घेतलेले. गुबगुबीत, रंग थोडा उडालेला. मी विचारलं, कुठून आणले? उत्तर ऐकून ह्यांनी कपाळाला हात लावला. थॉमस ग्रुची नावाचा एक कॅप्टन होता, सरकारी परवान्याने शत्रूची जहाजं लुटणारा. त्याने एका फ्रेंच जहाजावरून हे देवदूत पळवले आणि 1746 च्या सुमारास आपल्या चर्चला अर्पण केले. लुटीचा माल, थेट देवाच्या घरात, आणि अडीचशे वर्षांहून जास्त काळ कुणाची हरकत नाही! खजिनदार म्हणून मला त्या दिवशीच्या कमिटीच्या सभेला हजर राहायला फार आवडलं असतं. पावती कोणत्या खात्यावर फाडली असेल?

पण ह्या चर्चने मला खरं जिंकलं ते पुढच्या भागात. एक बॉक्स प्यू मोठा आहे, "बे प्यू". होंडुरासच्या उपसागरातून लॉगवुड आणणाऱ्या व्यापाऱ्यांना तो देण्यात आला, कारण मनोऱ्याच्या खर्चासाठी त्यांनी लाकूड दिलं होतं. लॉगवुड म्हणजे कापड रंगवायला लागणारं लाकूड, त्या काळात महाग. आणि ते तोडायचं कोण? गुलाम. हे तिथे स्पष्ट सांगतात. चर्चच्या आवारात पूर्वी न्यूआर्क जॅक्सन ह्या जुन्या सभासदाच्या नावाने चॉकलेटचं दुकान चालायचं, गमतीजमतीचं. मग चर्चच्या सांगण्यावरून एका इतिहासकाराने त्याची कागदपत्रं धुंडाळली, तर हा जॅक्सन कोकोच्या चोरट्या व्यापाराबरोबर माणसांच्या व्यापारातही होता असं निघालं. तेही आता लपवत नाहीत. किंग्ज चॅपेलनेही असंच आपल्या जुन्या नोंदी तपासून दोनशेहून जास्त गुलाम माणसांचा आपल्या मंडळीशी संबंध होता असं जाहीर केलं आहे. त्यांचे मालक, अर्थातच, खाली नंबरच्या बॉक्समध्ये बसायचे.

आणि हे लोक वर. ओल्ड नॉर्थची गॅलरी बघायला जिना चढून जा, जमलं तर नक्की. गुलाम, मोकळे काळे लोक, मूळ रहिवासी, गरीब आणि मुलं, सगळ्यांची जागा तिथे. वरून खालचे बॉक्स उघड्या खोक्यांसारखे दिसतात, पण व्यासपीठ नीट दिसत नाही. मी तिथे थोडा वेळ बसले. आपल्या मराठी मंडळ्यांत गॅलरी नव्हत्या, पण बाप्तिस्म्यानंतरही कोण कुठून आलं ह्याची आठवण ठेवणारे लोक होते, आणि प्रभुभोजनाला प्याल्याला ओठ लावायची कुणाची पाळी आधी, कुणाची नंतर, ह्यावरून कुजबुज व्हायची, हे माझ्या आजीने मला सांगितलेलं आहे. तिकडचं वाचून नुसतं "अरेरे" करू नये.

तळघराचं तिकीट वेगळं. तिथे 37 कबरींत मिळून अकराशेच्या आसपास माणसं पुरलेली आहेत. ह्यांना भुरळ पडली, मला नाही. ज्यांना आवडतं त्यांनी जावं.

गॅलरीतून थेट जायचं ते आफ्रिकन मीटिंग हाऊसला. बीकन हिलचा चढ आहे, जॉय स्ट्रीटवरून स्मिथ कोर्ट नावाच्या बोळात. छोटी विटांची इमारत, 1806 ची. अमेरिकेत काळ्या मंडळीने बांधलेलं आणि आज उभं असलेलं सगळ्यांत जुनं चर्च हेच. गोऱ्यांच्या चर्चमध्ये वर बसून कंटाळले, म्हणून थॉमस पॉल ह्या पाळकाच्या पुढाकाराने स्वतःचं बांधलं. आणि गंमत बघा, अर्पणविधीच्या दिवशी खालचे बाक मदत करणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवले आणि ज्यांचं चर्च ते वर गॅलरीत बसले! आपल्या उद्घाटनांना पहिल्या दोन रांगा कुणासाठी असतात ते आठवा.

इथेच 6 जानेवारी 1832 ला विल्यम लॉइड गॅरिसन ह्या पत्रकाराने गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन केली. मंडळी पुढे निघून गेली, 1904 पासून तिथे ज्यूंचं सिनेगॉग होतं, 1972 ला ते एका वस्तुसंग्रहालयाने घेतलं आणि 1855 मध्ये जसं होतं तसं पुन्हा उभं केलं. आता उपासना नाही, तिकीट आहे. पण हे तिकीट सगळ्यांत सार्थकी लागलेलं. गाईड तरुण मुलगी होती, माहिती पाठ केलेली नाही, समजलेली. तिने विचारलं कुठून आलात. नाशिक म्हटल्यावर मी तिला शरणपूरची गोष्ट सांगितली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इंग्रजांनी नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपुरात ठेवली, शिकवली. त्यांतली काही पुढे मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेली. शरणपुरातलाच जेकब वेनराइट लिव्हिंगस्टनच्या शवपेटीबरोबर इंग्लंडला पोचला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत तिला खांदा देणाऱ्यांत होता. तिला हे माहीत नव्हतं. तिने वही काढून "शरणपूर"चं स्पेलिंग विचारलं. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे, हा वेगळा विषय.

पार्क स्ट्रीट चर्च. 1810 ची इमारत, मनोरा 217 फूट. 1812 च्या युद्धात तळघरात बंदुकीची दारू साठवायचे. गॅरिसन 23 वर्षांचा असताना 4 जुलै 1829 ला इथेच गुलामगिरीविरुद्ध पहिल्यांदा जाहीर बोलला. बघायला म्हणाल तर फार काही नाही. साधा, उजळ, मोठा हॉल. रविवारी मात्र भरतो. विद्यार्थी, चिनी, कोरियन, आफ्रिकन, दोन मल्याळी कुटुंबं. दारातच कुणीतरी नाव विचारतं आणि आत नेऊन बसवतं. उपदेश लांब, मुद्द्याचा. आमच्या पाळकसाहेबांना आवडला असता. किंग्ज चॅपेलमध्ये मला कुतूहल वाटलं, इथे मी गायले.

ओल्ड साउथ मीटिंग हाऊसविषयी थोडक्यात. 1729 चं, 16 डिसेंबर 1773 ला इंग्रजांच्या कराविरुद्ध बंदरात चहा बुडवायच्या आधीची ती पाच हजारांची सभा इथेच भरली. क्रांतीत बॉस्टनला वेढा पडला तेव्हा इंग्रज फौजेने बाक जाळले आणि आत घोडे फिरवले. 1870 च्या दशकात पाडायला निघाले होते, लोकांनी वर्गण्या काढून वाचवलं. मंडळी तोवर कॉप्ली स्क्वेअरला नव्या चर्चमध्ये निघून गेली. म्हणजे आत आहे ते प्रदर्शन. इतिहासाची आवड असेल तर जा, नाहीतर बाहेरून पुरे.

ट्रिनिटी चर्चही कॉप्ली स्क्वेअरलाच, 1877 चं. सूनबाईचं हे आवडतं, कारण फोटो फार सुंदर येतात. भिंती रंगवलेल्या, काचा डोळे दिपवणाऱ्या. मला आवडलं ते जमिनीखालचं. हा सगळा भाग पूर्वी दलदल, भर घालून केलेला. चर्च उभं आहे सुमारे साडेचार हजार लाकडी खुंट्यांवर. त्या पाण्यात बुडालेल्या राहिल्या तरच टिकतात, कोरड्या पडल्या की कुजतात, म्हणून भूजलाची पातळी सतत मोजतात. आपण चर्चमधलं पाणी उपसत बसतो, हे पाणी राहावं म्हणून जपतात! पर्यटकांना तिकीट आहे, उपासनेला नाही.

आता ज्या ठिकाणी कुणीच जात नाही ते. 14 बीकन स्ट्रीट. दर्शनी भिंतीवर चार शिल्पपट्ट आहेत, आणि दुसऱ्या मजल्यावर काँग्रिगेशनल लायब्ररी, म्हणजे त्या प्युरिटनांच्या परंपरेतल्या चर्चेसची. वाचनकक्षाच्या खिडक्यांतून खाली जुनं ग्रॅनरी कबरस्तान दिसतं. तिकीट नाही, पण आधी कळवून जा. मी का गेले? कारण आपलं अमेरिकन मराठी मिशन बॉस्टनच्याच अमेरिकन बोर्ड ह्या मिशनरी संस्थेचं, 1810 ला स्थापन झालेल्या. 6 फेब्रुवारी 1812 ला जवळच सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांची दीक्षा झाली, त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 ला मुंबईत उतरले. पुढे ना. वा. टिळक आणि आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई ह्याच मिशनशी जोडले गेले. आणि हॉल? मार्च 1826 मध्ये ते नाशिकला आले, इथे पटकीची साथ होती. जवळची औषधं वाटली, परत निघाले आणि वाटेत 20 मार्चला पटकीनेच वारले. वय 41.

ग्रंथपाल बाईंनी "मिशनरी हेरल्ड" ह्या बोर्डाच्या मासिकाचे जुने बांधीव अंक समोर आणून ठेवले. जाड पुठ्ठा, कडेला चामडं सुटलेलं, आत बारीक टाइप. मिशनच्या बातम्यांइतकीच जागा देणग्यांच्या यादीला: कोणत्या गावाहून, कोणत्या मंडळीकडून, किती डॉलर किती सेंट. खेड्यातल्या बायकांच्या मंडळांची रक्कम कुठे पाच, कुठे साडेतीन डॉलर. आमच्या हार्वेस्टच्या (सुगीच्या सणाच्या) लिलावात एका कोंबडीला येतात तेवढे! त्या पैशावर माणसं समुद्र ओलांडून आली. प्रत्येक सेंट छापून जाहीर केलेला, ह्यांचा कुणी ऑडिटर बेजार झाला नसेल. मी ती पानं फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकली. दोन अंगठे आले आणि एकाने विचारलं की स्वेटर आणायला जमेल का.

मुलगा क्विन्सीच्या बाजूला राहत असेल तर तिथलं ग्रॅनाइटचं 1828 चं चर्च चुकवू नका, स्टेशनसमोरच आहे. तळघरात दोन राष्ट्राध्यक्ष आपापल्या बायकांसह आहेत, जॉन अ‍ॅडम्स आणि त्यांचा मुलगा जॉन क्विन्सी. अर्ध्या तासात होतं.

माझा हिशेब असा. पैसे भरून बघा: आफ्रिकन मीटिंग हाऊस आणि ओल्ड नॉर्थ. रविवारी जा: पार्क स्ट्रीट एका आठवड्याला, किंग्ज चॅपेल दुसऱ्याला. लायब्ररीला पावसाच्या दिवशी. पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि टॉयलेटचं आधीच विचारून ठेवा. ह्या इमारती बांधल्या तेव्हा कुणाला त्याची काळजी नव्हती आणि आताही सगळीकडे सोय नाही. उन्हाळ्यात उपासनेच्या वेळा बदलतात, शनिवारी रात्री फोनवर बघून घ्या.